तारण एकदा मिळाले की कायमचे?
ख्रिस्ती धर्मातील एका जुन्या वादाचा अभ्यास

मागील वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण उपासकाने एक प्रश्न विचारला. त्याच्या कचेरीत एक ख्रिस्ती सहकारी आहेत. सज्जन गृहस्थ. बोलता बोलता ते एकदा म्हणाले, "माझे तारण झालेले आहे. आता ते माझ्यापासून कोणीही हिरावून घेऊ शकत नाही." उपासक आम्हाला विचारू लागला, "म्हणजे या गृहस्थाने आता काहीही केले तरी चालेल काय?" वर्गात हशा पिकला. मागून कोणी तरी म्हणाले, "पाप करायचे, कबुली द्यायची, की झाले मोकळे!"

मला तो हशा खटकला. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, थट्टा केली नाही. ज्या धर्माचा मार्ग आपण स्वीकारला नाही, तोही आपल्याला नीट ठाऊक असावा. त्या उपासकाच्या प्रश्नाला त्या दिवशी मी अपुरे उत्तर दिले. पुढे वाचन करून जे समजले ते या पाठात मांडीत आहे.

१. प्रश्न नेमका कोणता?

ख्रिस्ती धर्मात 'तारण' या शब्दाला मध्यवर्ती स्थान आहे. मनुष्य पापी आहे, त्याला स्वतःच्या बळावर पापातून सुटता येत नाही, म्हणून देवाने आपला पुत्र येशू ख्रिस्त याला पाठविले आणि त्याच्या वधस्तंभावरील मरणाने माणसाची सुटका झाली, अशी त्या धर्माची मूळ धारणा आहे. ही सुटका माणसाने कमावलेली नसते. ती देवाची देणगी असते. या देणगीला 'कृपा' म्हणतात. भगवान बुद्ध हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. ख्रिस्ती धर्मात मात्र ख्रिस्त हा तारणारा आहे. म्हणून तेथे जो प्रश्न उभा राहतो तो असा की, देणाऱ्याने एकदा दिलेली देणगी परत जाऊ शकते काय?

येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सुरुवातीलाच वेगळे करून ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न : मिळालेले तारण गमावले जाऊ शकते काय? दुसरा प्रश्न : आपले तारण झाले आहे हे माणसाला या जन्मी खात्रीने कळू शकते काय? पहिला प्रश्न तारणाच्या टिकाऊपणाचा आहे, दुसरा माणसाच्या मनाच्या खात्रीचा. एखाद्याची ठेव पेढीत सुरक्षित असेल, पण पावती त्याच्या हाती नसेल, तर ठेव सुरक्षित असूनही तो रात्रभर जागा राहील. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात नेमके हेच अनेकदा घडले.

२. ग्रंथातील दोन सूर

नव्या करारात या विषयावर दोन सूर ऐकू येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवितो आणि आपल्या मेंढरांना आपल्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही असे आश्वासन देतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी असाच निर्वाळा आहे. मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, यांपैकी कशानेही देवाच्या प्रेमापासून आपण तुटणार नाही, असे तो म्हणतो. त्या ख्रिस्ती सहकाऱ्याचे बोलणे या वचनांच्या आधारावर उभे होते.

दुसरा सूर सावध करणारा आहे. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, एकदा प्रकाश मिळालेले लोक जर पतित झाले, तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटपर्यंत टिकणाऱ्याचे तारण होईल असे वचन आहे. खुद्द पौल करिंथकरांस लिहिताना म्हणतो की, दुसऱ्यांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये म्हणून तो आपल्या शरीराला शिस्त लावतो.

एकाच ग्रंथात हे दोन्ही सूर आहेत. त्यामुळे 'ख्रिस्ती धर्म असे म्हणतो' असे एका वाक्यात सांगणारा माणूस बहुधा अर्धेच सांगत असतो.

३. छळाला भिऊन मागे फिरलेले

हा प्रश्न प्रथम पंडितांच्या पोथीत उद्भवला नाही. तो छळाच्या काळात उद्भवला. इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने हुकूम काढला की, साम्राज्यातील लोकांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक तुरुंगात गेले, काही मेले. पण पुष्कळांनी भीतीने बळी दिला. काहींनी बळी न देताच लाच देऊन दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी येऊन रडू लागले, "आम्हाला परत घ्या."

काय करावे? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, ज्याने ख्रिस्ताला नाकारले त्याला मंडळीने क्षमा करू नये. त्याचा न्याय देवावर सोपवावा. दुसरीकडे, तुरुंगवास सोसलेले काही लोक अशांना सरसकट माफीपत्रे देऊ लागले. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथील बिशप सिप्रियन याने मधला मार्ग धरला. दार बंद करायचे नाही, पण ते सताड उघडेही ठेवायचे नाही. ज्याने दाखला विकत घेतला आणि ज्याने प्रत्यक्ष बळी दिला त्यांच्यात भेद करावा, पश्चात्तापाचा काळ पाळायला लावावा, मग परत घ्यावे.

या सिप्रियनची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २५० सालच्या छळात तो स्वतः लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला टोमणेही ऐकावे लागले. पुढे २५७ मध्ये दुसरा छळ आला तेव्हा तो पळाला नाही. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. दुर्बळाला पुन्हा उभे राहण्याची संधी द्यावी असे म्हणणारा हा माणूस प्रसंगी स्वतः उभा राहिला.

बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या मोठ्या पापाची क्षमा कठीण, या समजुतीचा एक परिणाम असा झाला की, अनेक लोक बाप्तिस्माच पुढे ढकलू लागले. सम्राट कॉन्स्टंटाईन याने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला, पण स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवर. पाप करायला वेळच उरू नये, हा हिशेब!

४. ऑगस्टीनचे उत्तर

चौथ्या-पाचव्या शतकांत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) हा मोठा विचारवंत होऊन गेला. तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावचा बिशप होता. हे ठिकाण आजच्या अल्जीरियात आहे. लहानपणी तो आजारी पडला तेव्हा आई मोनिका त्याला बाप्तिस्मा देणार होती. तो बरा झाला आणि बाप्तिस्मा लांबणीवर पडला. अखेर ३८७ मध्ये मिलान येथे त्याने तो घेतला.

त्याच्या काळी ब्रिटनमधून आलेला पेलेजियस नावाचा साधक शिकवीत होता की, मनुष्याला चांगले वागण्याचे सामर्थ्य निसर्गतःच आहे. त्याने ते वापरावे. ऑगस्टीनने याला कडवा विरोध केला. चांगले वागण्याची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच उत्पन्न होते, असे त्याने मांडले. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची मते त्याज्य ठरविली. आयुष्याच्या शेवटी ऑगस्टीनने शेवटपर्यंत टिकून राहण्याविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, टिकून राहणे हीदेखील देवाचीच देणगी आहे, आणि ती बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला मिळते असे नाही. दोन माणसे सारख्याच भक्तीने चालतात, एक टिकतो, दुसरा गळतो. असे का, हे देवालाच ठाऊक. म्हणून जिवंत असेपर्यंत कोणीही आपल्याविषयी निश्चिंत राहू नये.

म्हणजे देवाने निवडलेल्याचे तारण पक्के, पण आपण निवडलेले आहोत की नाही हे मात्र अज्ञात. ठेव पेढीत आहे, पावती हाती नाही!

५. ल्यूथर, कॅल्विन आणि ट्रेंटची परिषद

मध्ययुगात युरोपातील माणूस या अनिश्चिततेत जगत होता. त्याच्या आधारासाठी चर्चने संस्कारांची व्यवस्था उभी केली होती. मोठ्या पापाने कृपा नष्ट होते, पण पश्चात्ताप करून धर्मगुरूजवळ पापकबुली दिली आणि सांगितलेले प्रायश्चित्त केले की ती परत मिळते, अशी ती शिकवण होती. आमच्या वर्गातला तो टोमणा या व्यवस्थेचे विडंबन होते. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा ते पाप न करण्याचा निश्चय नसेल तर नुसती कबुली निष्फळ, असे चर्च शिकवीत आले आहे. हे टोमणा मारणारा विसरतो.

मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये जर्मनीतील एरफुर्ट येथे मठात दाखल झाला. उपास, जागरणे, तासन् तास पापकबुली हे सर्व त्याने केले, तरी मनाला शांती मिळेना. आपण पुरेसा पश्चात्ताप केला काय, ही शंका त्याला पोखरीत राही. अखेर पौलाच्या पत्राचे चिंतन करताना त्याला वाटले की, देव माणसाला त्याच्या विश्वासामुळे नीतिमान ठरवितो, कर्मांमुळे नव्हे. १५१७ मध्ये पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने आवाज उठविला आणि प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली. ल्यूथरची झेप होती ती खात्रीकडे. तरीही, खऱ्या विश्वासणाऱ्याचा विश्वासच सुटला तर त्याचे तारणही जाऊ शकते, असे ल्यूथरपंथी मानतात.

जिनिव्हा येथील जॉन कॅल्विन (१५०९ ते १५६४) पुढे गेला. त्याच्या मते देवाने निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकणारच, आणि खात्री हा विश्वासाचाच भाग आहे. मग आपली निवड झाली की नाही हे कसे ओळखावे? कॅल्विनने सांगितले, स्वतःच्या अंतरंगात शोधू नका, ख्रिस्ताकडे पाहा. तो निवडीचा आरसा आहे.

रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंट येथे भरलेल्या परिषदेत १३ जानेवारी १५४७ रोजी आपले उत्तर ठरविले. एकदा नीतिमान ठरलेला माणूस पुढे कृपा गमावू शकतच नाही, हे मत परिषदेने नाकारले. देवाकडून खास साक्षात्कार झाल्याखेरीज आपण शेवटपर्यंत टिकणारच अशी निरपवाद खात्री कोणी बाळगू नये, असेही ठरविले. आशा ठेवा, पण गृहीत धरू नका, हा त्याचा मथितार्थ.

६. डॉर्टची परिषद : वाद रक्तापर्यंत जातो

सर्वांत मोठी लढाई हॉलंडमध्ये झाली. लायडन विद्यापीठात याकोबस आर्मिनियस (१५६० ते १६०९) हा प्राध्यापक होता. देव सर्वांना कृपा देऊ करतो, पण माणूस तिला नकार देऊ शकतो, असे त्याने शिकविले. त्याच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन मांडले. पाचव्या कलमात त्यांनी सावधपणे लिहिले की, विश्वासणारा मनुष्य आळसाने कृपा गमावू शकतो किंवा नाही, याचा शास्त्रातून अधिक शोध घेतला पाहिजे.

अधिक शोध घेऊ, एवढेच म्हणणे होते. पण देश स्पेनशी झुंजत होता, युद्ध तहामुळे थांबले होते, आणि राजकारणातील दोन गट या वादाच्या दोन बाजूंना उभे राहिले. १३ नोव्हेंबर १६१८ रोजी डॉर्ट्रेख्ट ऊर्फ डॉर्ट येथे परिषद भरली. इंग्लंड, जिनिव्हा, जर्मनीतील संस्थाने येथून प्रतिनिधी आले. आर्मिनियसच्या पक्षाला आरोपीसारखे उभे करून जानेवारी १६१९ मध्ये बाहेर काढण्यात आले. मे १६१९ मध्ये परिषद संपली. पाच मुद्द्यांचा निर्णय झाला. त्यातला शेवटचा मुद्दा : निवडलेले लोक शेवटपर्यंत टिकतातच.

परिषद संपण्याच्या सुमारास, १३ मे १६१९ रोजी, आर्मिनियसच्या पक्षाला पाठीशी घालणारा वृद्ध राजकारणी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा द हेग येथे शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता. त्याचे वय एकाहत्तर वर्षे होते. त्याचा सहकारी, आंतरराष्ट्रीय कायद्याचा थोर पंडित ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये त्याच्या पत्नीने युक्ती केली. तुरुंगात पुस्तके ने-आण करणाऱ्या पेटीत नवऱ्याला बसविले आणि तो निसटला. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना पदच्युत करण्यात आले. तारणाची निश्चिती शिकविणाऱ्यांच्या राज्यात भिन्न मताच्या माणसाचे पोट आणि प्राण मात्र निश्चित राहिले नाहीत.

तथापि डॉर्टच्या निर्णयांचा आशय न्यायबुद्धीने वाचला पाहिजे. निवडलेले लोक पाप करीत नाहीत असे त्यात म्हटलेले नाही. दावीद राजा आणि शिष्य पेत्र यांचे दाखले देऊन, असे लोकही गंभीर पापात पडतात, काही काळ कृपेची जाणीव हरवून बसतात, हे परिषदेने मान्य केले. पण देव त्यांना सोडत नाही, पश्चात्तापाकडे परत आणतो, असा तिचा विश्वास आहे. ही खात्री माणसाला बेफिकीर न करता नम्र करते, असेही तिने बजावले आहे. पुढे ब्रिटनमधील वेस्टमिन्स्टरच्या १६४६ च्या विश्वासपत्रात तर मान्य केले आहे की, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला दीर्घ काळ लागू शकतो आणि मिळालेली खात्री डळमळू शकते.

७. खात्रीच्या शोधात जागलेल्या रात्री

आता मुख्य अडचणीकडे येऊ. समजा, एखादा मोठा भक्त शेवटी धर्म सोडून गेला. खरे तारण जात नाही, असे मानणारे म्हणतात, "त्याचा विश्वास मुळात खरा नव्हताच." तर्कदृष्ट्या उत्तर बरोबर आहे. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो, "कालपर्यंत त्यालाही आपला विश्वास खराच वाटत होता. मग माझा खरा आहे हे कशावरून?" ज्या सिद्धांताने भीती घालवायची, त्याच्याच पोटातून नवी भीती जन्माला आली.

इंग्लंडमधील जॉन बन्यन (१६२८ ते १६८८) हा फुटकी भांडी सांधणारा गरीब कारागीर. 'ख्रिस्ताला विकून टाक' असा विचार त्याच्या मनात पुन्हा पुन्हा उसळे. एके दिवशी थकून त्याने मनातल्या मनात होकार दिला, आणि पुढे फार मोठा काळ आपण कायमचे गेलो या भयात त्याने काढला. हे सर्व त्याने १६६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. परवानगीवाचून उपदेश करतो म्हणून १६६० पासून बारा वर्षे त्याने तुरुंगवास सोसला, पण उपदेश सोडला नाही. पुढे त्याने यात्रेकरूची प्रसिद्ध रूपककथा लिहिली. ती एकोणिसाव्या शतकातच मराठीत आली. तिच्या शेवटी एक पात्र स्वर्गाच्या दारापर्यंत पोचते आणि तेथून परत फिरविले जाते. दारापर्यंत पोचूनही धाकधूक संपत नाही, हे लिहिणाऱ्याने अनुभवलेले होते.

दुसरे उदाहरण कवी विल्यम कूपर (१७३१ ते १८००) याचे. खऱ्या विश्वासणाऱ्याचे तारण जात नाही, अशी शिकवण मानणाऱ्या मंडळींत तो होता. त्याने रचलेली भक्तिगीते आजही गायिली जातात. पण १७७३ मध्ये त्याला एक भयंकर स्वप्न पडले आणि आपण एकटे कायमचे शापित आहोत अशी त्याची समजूत झाली. त्यानंतर तो कधी चर्चमध्ये उपासनेस गेला नाही. आज आपण याला मानसिक आजार म्हणू, आणि आजाराचा दोष सिद्धांतावर टाकणे अन्यायाचे होईल. पण एवढे खरे की, सिद्धांत जवळ असूनही तो त्याच्या उपयोगी पडला नाही. इतरांना धीर देणारी गीते लिहिणारा हा माणूस स्वतः सत्तावीस वर्षे अंधारात राहिला.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१) याने गाठ वेगळ्या रीतीने सोडविली. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आपली पापे क्षमा झाल्याची खात्री त्याला अंतःकरणात जाणवली. पण ही खात्री आजची असते, उद्याची हमी नव्हे, असे त्याने शिकविले. मनुष्य घसरू शकतो, आणि घसरलेला परतही येऊ शकतो. निवडीच्या प्रश्नावरून त्याचे आपला मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड याच्याशी बिनसले. तरीही व्हाइटफील्ड १७७० मध्ये वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मृत्यर्थ प्रवचन वेस्लीनेच केले. मतभेद कसा पाळावा याचा हा धडा डॉर्टपेक्षा किती तरी चांगला!

८. अखेर सर्वजण आचरणाकडे येतात

ही सर्व मते शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. वाट कोणतीही असो, खात्रीचा पुरावा मागितला की प्रत्येक पंथ अखेर आचरणाकडे बोट दाखवितो. कॅथलिक चर्च पश्चात्ताप आणि सत्कृत्ये सांगते. वेस्ली पवित्र जीवन सांगतो. आणि निवड अटळ मानणाऱ्या पंथातही केंब्रिजचा विल्यम पर्किन्स (१५५८ ते १६०२) यासारख्या गुरूंनी शिकविले की, जीवनात चांगली फळे दिसत असतील तर त्यांवरून झाड ओळखावे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये असे प्रतिपादन केले की, आपली निवड झाल्याची खूण शोधता शोधताच या पंथाचे लोक अखंड उद्योग आणि काटकसर यांकडे वळले, आणि त्यातून आधुनिक भांडवलशाहीच्या वृत्तीला बळ मिळाले. त्याच्या मतावर वाद आहेत. पण निश्चित तारणाच्या सिद्धांताने माणसे आळशी झाली नाहीत, उलट विलक्षण कामसू झाली, ही त्या थट्टेखोरांना चपराक आहे.

अर्थात, नुसत्या खात्रीचा गैरवापर होतो हे ख्रिस्ती विचारवंतांनी स्वतः ओळखले आहे. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये स्वस्त कृपेवर कडाडून टीका केली. अनुसरण नाही, त्याग नाही, आणि क्षमा मात्र फुकट, अशी कृपा मंडळीचा घात करते, असे त्याचे सांगणे होते. हिटलरला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले.

फळाची कसोटी एकट्या माणसाला लावून भागत नाही, ती समाजालाही लावावी लागते. डॉर्टचा वारसा सांगणारी डच रिफॉर्म्ड मंडळी दक्षिण आफ्रिकेत होती. १८५७ मध्ये तिच्या परिषदेने, काहींच्या दुर्बळतेमुळे, गोऱ्या व काळ्या लोकांनी वेगळी उपासना करण्यास संमती दिली. 'काहींची दुर्बळता' म्हणजे काळ्या भावाशेजारी बसण्यास नाखूश असलेल्या गोऱ्यांची दुर्बळता! त्या सवलतीचा पुढे नियम झाला आणि वर्णभेदाच्या राजवटीला धर्माचा टेकू मिळाला. ज्यांना स्वर्गातील आपल्या जागेची खात्री होती, त्यांना पृथ्वीवरील बाकावर शेजारी जागा देववेना. वेगळी पंगत म्हणजे काय हे ज्यांनी सोसले आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पण पुढचेही सांगितले पाहिजे. १९८२ मध्ये ओटावा येथे जगातील रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले, आणि १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथील परिषदेत त्या गोऱ्या मंडळीतील धर्मपंडित विली यॉन्कर यांनी अपराधाची जाहीर कबुली दिली.

पंथांमधील भांडणही निवळत चालले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरपंथी यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर स्वतंत्र भाग आहे. स्वतःच्या दुर्बळतेकडे पाहता माणसाला काळजी वाटणारच, पण देवाच्या वचनावर त्याने भरवसा ठेवावा, अशा आशयावर दोघे एकत्र आले. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा संघही त्यात सामील झाला.

९. शेजाऱ्याला कसे समजून घ्यावे?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती बांधवही एकाच मताचे नाहीत. वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक मनुष्य ट्रेंटच्या परंपरेतला. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि त्यांच्यामागून आलेले स्कॉटिश मिशनरी कॅल्विनच्या परंपरेतले. मेथडिस्ट वेस्लीचे. १९७० मध्ये नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, त्यातही निरनिराळ्या परंपरा मिळाल्या. तेव्हा एखादा ख्रिस्ती शेजारी 'माझे तारण झाले' असे म्हणाला, तर हसू नये. तो कोणत्या परंपरेतून बोलतो आहे हे विचारावे.

आपल्या परंपरेतही हा प्रश्न अपरिचित नाही. स्रोतापन्न झालेला माणूस मागे घसरत नाही, असे पाली ग्रंथ सांगतात. महापरिनिब्बान सुत्तात, नादिका गावी असताना भिक्खू आनंद मरण पावलेल्या एकेका व्यक्तीचे नाव घेऊन तिची गती काय झाली असे विचारतो. प्रत्येक मृताविषयी असे विचारीत बसणे त्रासाचे आहे, असे सांगून भगवान त्याला 'धम्माचा आरसा' देतात. बुद्ध, धम्म व संघ यांवर अढळ श्रद्धा आणि निष्कलंक शील आपल्या ठायी आहे काय, हे ज्याने त्याने त्या आरशात पाहावे. कॅल्विननेही आरसाच सांगितला. त्याच्या आरशात दुसऱ्याचा चेहरा पाहायचा आहे, येथे आपला स्वतःचा. भेद आहे तो एवढा, आणि तो लहान नाही.

त्या उपासकाला आता माझे उत्तर असे आहे. तुझ्या सहकाऱ्याने काहीही केले तरी चालेल, असे त्याचा धर्म म्हणत नाही. त्याच्या परंपरेतील कठोरातले कठोर गुरूही त्याला विचारतील, फळ कोठे आहे? हाच प्रश्न त्याने आपल्याला विचारला तर? बावीस प्रतिज्ञा घेतल्याची तारीख सांगून आपल्याला सुटता येणार नाही. घरातील जुने देव्हारे, लग्नातील हुंडा, पोटजातीचा विचार आणि हातातील दारूचा पेला यांच्यावरून आपले झाड ओळखले जाईल. आणि जो घसरला आहे त्याला नोव्हेशियनसारखे दार लावून घेऊ नये. सिप्रियनसारखे उभे राहून विचारावे, "परत चालायला लागणार ना?"

अभ्यासासाठी प्रश्न

१) तारण टिकते काय आणि तारण कळते काय, हे दोन प्रश्न वेगळे का ठेवावेत?
२) नोव्हेशियन आणि सिप्रियन यांच्या भूमिकांतील फरक सांगा. आपल्या वस्तीतील उदाहरणाला तो लावून पाहा.
३) डॉर्टच्या परिषदेने निवडलेल्या माणसाच्या पापाविषयी काय म्हटले आहे?
४) 'खात्रीच्या सिद्धांतातून नवी भीती जन्माला आली' हे विधान बन्यनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५) धम्माच्या आरशात आपण स्वतःला शेवटचे कधी पाहिले? हे उत्तर वर्गात सांगण्याची सक्ती नाही.